शिकाऊ चालकाची पहिली स्वस्त मोटारसायकल: गोल बाजार, रायपूर या उदाहरणावरून

या टिपणात आपण एकच प्रश्न सोडवणार आहोत. ज्याला गाडी अजून नीट चालवता येत नाही आणि ज्याच्या हातात पैसे थोडे आहेत, त्याने पहिली मोटारसायकल कशी निवडावी? प्रश्न सोपा वाटतो, कारण उत्तर देणारे पुष्कळ असतात. आतेभाऊ ॲव्हरेज सांगतो, मित्र पिकअप सांगतो, शोरूममधला मुलगा महिन्याचा हप्ता सांगतो. तुम्ही ती गाडी नेमकी कुठे चालवणार, हे मात्र यांतले कोणीच विचारत नाही. म्हणून आपण उलट्या टोकाने सुरुवात करू. आधी जागा, मग गाडी.

जागा म्हणून रायपूरचा गोल बाजार घेऊ. समजा तुम्ही तात्यापाऱ्यात राहता, वय १८ पूर्ण झाले आहे, कॉलेज किंवा पहिली नोकरी सुरू झाली आहे, आणि आठवड्यातून दोनतीनदा आईला घेऊन बाजारात जायचे असते. रायपूरला राहत नसाल तर तुमच्या गावातली तशीच जागा डोळ्यांसमोर आणा: नागपूरची इतवारी, पुण्याची रविवार पेठ. हिशेब बदलणार नाही.

जागा काय मागते

गोल बाजार हा रायपूरचा जुना मध्य. मालवीय रोड आणि सदर बाजार लागूनच, जयस्तंभ चौक जवळ. आत कापड, भांडी, मसाले, पूजेचे सामान, लग्नाचा बस्ता. गल्ल्या अरुंद, आणि त्यांतही दुकानांचा माल पायरीखाली उतरलेला. पुढे हातगाडी, मागे ई-रिक्षा, बाजूला उभ्या केलेल्या स्कूटरची रांग. सणासुदीत तर चालणारा माणूस गाडीवाल्याच्या पुढे निघून जातो.

अशा ठिकाणी गाडीचा वेग ताशी ५ ते १० किलोमीटर असतो. पहिला गिअर, अर्धा दाबलेला क्लच, दर दहा पावलांवर जमिनीला टेकणारा पाय. मध्येच गाडी मागे ढकलावी लागते, हँडल पूर्ण वळवून दोन स्कूटरच्या फटीतून काढावी लागते. गाडीची जास्तीत जास्त ताकद इथे एकदाही वापरली जात नाही. वजन मात्र प्रत्येक पावलाला लागते. शिवाय मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. स्वस्त गाड्यांची इंजिने हवेने थंड होतात, आणि गाडी रेंगाळत असताना ती हवा मिळत नाही. मोठ्या इंजिनाची धग मांडीला लागते हे ज्याने एकदा अनुभवले त्याला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणजे जागेने आपल्याला निवडीचा क्रम दिला. आधी वजन आणि सीटची उंची. मग क्लच, गिअर आणि ब्रेक. त्यानंतर सुटे भाग आणि दुरुस्ती. ताकद सगळ्यांत शेवटी.

वजनाचे गणित

आपण सगळे ‘हलकी गाडी सोपी’ असे म्हणतो, पण किती सोपी? थोडे आकडे घेऊ. हीरोच्या स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो. होंडाची शाइन १०० त्याहून हलकी, ९९ किलो. बजाजची पल्सर १५० सुमारे १४८ किलो आणि रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो. (मॉडेलच्या वर्षानुसार या आकड्यांत एकदोन किलोंचा फरक पडतो.)

गाडी उभी आहे आणि बाजूला कलली, असे समजा. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर आहे आणि तुम्ही हँडल एक मीटर उंचीवर धरले आहे, असे धरू. गाडी २० अंश कलली तर तिला तिथेच थोपवण्यासाठी हाताला लागणारा जोर म्हणजे वजन गुणिले ०.५ गुणिले २० अंशांची ज्या, म्हणजे ०.३४. स्प्लेंडरसाठी हे उत्तर सुमारे १९ किलो येते, क्लासिकसाठी ३३ किलो. १९ किलो म्हणजे गव्हाचे मोठे पोते नव्हे, सावरता येते. ३३ किलो एका हाताने, बेसावध असताना, घामेजलेल्या तळव्याने सावरणे नवशिक्याला जमत नाही. मागे आई बसलेली असेल आणि तिच्या मांडीवर स्टीलच्या डब्यांची पिशवी असेल तर दोन्ही आकडे वाढतात, आणि गुरुत्वमध्यही वर सरकतो.

हे गणित मुद्दाम केले, कारण नवशिक्याची गाडी पडते ती बहुतेक वेळा वेगात नाही. थांबताना पडते. पाय टेकायला गेला आणि तिथे खड्डा निघाला, किंवा क्लच आधी सुटला. म्हणून सीटची उंचीही वजनाइतकीच महत्त्वाची. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे, शाइन १०० ची जवळजवळ तेवढीच, एचएफ डिलक्स आणि प्लॅटिना १०० यांची ८०५ च्या आसपास. कागदावर २ सेंटिमीटर काही वाटत नाहीत. पण बुटका माणूस दोन्ही टाचा टेकवू शकतो की फक्त चवडे, हे त्या २ सेंटिमीटरवर ठरते. गाडीवर बसून पाहायचे तर रोजच्या चपला घालून जा. जाड तळव्याचे बूट घालून गेलात तर शोरूममध्ये उंची मिळेल, बाजारात मिळणार नाही.

एवढी हलकी गाडी सिग्नलवरून निघेल का, जीई रोडवर ट्रकच्या बाजूने जाईल का, अशी शंका येते. ९७.२ सीसीची स्प्लेंडर सुमारे ८ अश्वशक्ती देते. शहरात ती पुरते. दोघे बसून चढावर किंवा महामार्गावर ती दमते, हेही खरे. रोज भिलाई-दुर्गपर्यंत जाणे-येणे असेल तर ११० ते १२५ सीसीचा विचार करा: टीव्हीएस स्पोर्ट, प्लॅटिना ११०, शाइन १२५. त्यापुढे पहिल्या गाडीसाठी जाण्याचे कारण मला दिसत नाही.

गिअर आणि ब्रेक

१०० सीसीच्या बहुतेक गाड्यांत चार गिअर असतात. स्प्लेंडरमध्ये न्यूट्रलपासून पुढचा प्रत्येक गिअर चवड्याने लिव्हर खाली दाबून पडतो आणि उतरताना टाचेने मागचा भाग दाबायचा असतो. पल्सरमध्ये पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर उचलून. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. फक्त एकीवर शिकून दुसरीवर लगेच बसू नका. घाबरल्यावर पाय सवयीने चालतो, आणि गिअर उतरवायला गेलेला पाय चढवून बसतो. शेजाऱ्याच्या गाडीवर शिकणार असाल तर तुमच्या गाडीचा गिअर तसाच आहे ना, हे आधी विचारून घ्या.

इथेच स्कूटरचा प्रश्न येतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर फक्त गोल बाजारासाठी बिनगिअरची स्कूटर जास्त सोयीची आहे. क्लच नाही, पुढे सामान ठेवायला जागा आहे. मात्र परवान्यात ‘गिअर असलेली’ आणि ‘गिअर नसलेली’ मोटारसायकल हे दोन वेगळे वर्ग आहेत. स्कूटरवर चाचणी देऊन बिनगिअरचा परवाना घेतलात तर पुढे गिअरची गाडी चालवता येत नाही, पुन्हा अर्ज आणि पुन्हा चाचणी. नोकरीत फिरतीचे काम येण्याची शक्यता असेल तर गिअरची चाचणी आधी देऊन टाका.

ब्रेकबाबत एक तारीख लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीत १२५ सीसीपर्यंत निदान सीबीएस आणि त्यावर एबीएस बंधनकारक आहे. सीबीएस म्हणजे मागच्या ब्रेकचा पेडल दाबला की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. एबीएस चाक अडकू देत नाही. नवशिक्या घाबरला की फक्त मागचा ब्रेक दाबतो. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होते, अडकते आणि घसरते. पावसाळ्यात शेणामातीच्या गल्लीत तर हमखास. सीबीएस ही चूक पूर्ण दुरुस्त करत नाही, पण थोडी सौम्य करते. म्हणून जुनी गाडी घ्यायची असेल तर एप्रिल २०१९ नंतरची पाहा.

आणखी एक साधी वस्तू: मागच्या चाकावरची जाळी. पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण सांगितले आहे. जुन्या गाड्यांवरून ती जाळी ‘दिसायला बरी नाही’ म्हणून काढून टाकलेली आढळते. आईला मागे बसवणार असाल तर ती आधी बसवून घ्या.

परवाना गाडीच्या आधी

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे गिअरच्या मोटारसायकलसाठी वय १८ पूर्ण हवे. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी १६. आमच्या आधीच्या पिढीने लूनावर हात साफ केला, ती १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने आणलेली ५० सीसीची मोपेड याच बसण्यातली. आज त्या मापाची पेट्रोलची नवी गाडी दुकानात मिळत नाही, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला वडिलांची स्प्लेंडर देणे हा सरळ गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अशा वेळी पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मधल्या काळात गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावावी लागते: पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. सोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही. म्हणजे शिकाऊ परवान्यावर आईला बाजारात नेणे नियमात बसत नाही, भाऊ मागे बसून शिकवत असेल तरच चालेल.

शिकाऊ परवाना म्हणजे ‘अर्धा’ परवाना आणि अपघात झाला तर विमा मिळत नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या निकालात शिकाऊ परवानाही कायद्याने वैध परवानाच आहे आणि केवळ तेवढ्या कारणावरून विमा कंपनीला तिसऱ्या व्यक्तीची भरपाई टाळता येत नाही, असे सांगितले. विम्याच्या कागदावरही शिकाऊ चालकाचा उल्लेख असतो, पण केंद्रीय नियमांतील तिसरा नियम पाळण्याच्या अटीसह. तो नियम म्हणजेच वर सांगितलेली पाटी आणि शिकवणारा. पाटी चिकटवायला दहा मिनिटे लागतात.

नागपूरच्या काकांची गाडी

रायपूरच्या मराठी घरांत पहिली गाडी बरेचदा विकत घेतलीच जात नाही. नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडचे कोणी काका नवी गाडी घेतात आणि जुनी ‘पडून आहे, घेऊन जा’ म्हणतात. एमएच-३१ ची पाटी लावलेली गाडी मग रायपूरच्या सीजी-०४ मध्ये वर्षानुवर्षे फिरते. फुकट मिळालेली ही गाडी सगळ्यांत महाग पडू शकते, म्हणून या भागात जरा थांबू.

पहिला मुद्दा राज्याचा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची ना-हरकत (फॉर्म २८), मग छत्तीसगडचा कर. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी नागपूरच्या फेऱ्या आणि धीर दोन्ही लागतात.

दुसरा मुद्दा नावाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. गाडी दिली म्हणजे मालकी गेली, असे काकांना वाटते. कायद्याला वाटत नाही. मोटार वाहन कायद्यात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न होता. गाडी एकाने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला, पुढे आणखी हात बदलले, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघातानंतर भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले, नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याने. अपघातग्रस्ताने विक्रीची साखळी शोधत फिरायचे नाही.

आता हे गोल बाजारात आणून ठेवा. तुमचा क्लच सुटला, गाडी पुढे झेपावली, एखाद्या म्हाताऱ्या बाईचा पाय मोडला. विमा संपलेला असेल तर दाव्याची नोटीस नागपूरला, ज्यांनी पुतण्याला प्रेमाने गाडी दिली त्यांच्या घरी जाईल. नात्यातल्या गाडीला कागद करायचे म्हटले की ‘आपल्यातच आहे ना’ असे ऐकू येते. आपल्यातच आहे म्हणूनच करायचे.

करायचे ते असे. फॉर्म २९ वर देणारा कळवतो, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. फॉर्म ३० वर घेणारा अर्ज करतो, ३० दिवसांत. गाडीवर कर्ज होते का ते आरसीवर पाहा. असेल तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ लागतो, आणि हप्ते फिटून दहा वर्षे झाली तरी ही नोंद आपोआप निघत नाही. विमा कंपनीला नवीन मालकाचे नाव १४ दिवसांत कळवायचे. नोंदणीची मुदत १५ वर्षे असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. गाडी १४ वर्षांची असेल तर ‘फुकट’च्या हिशेबात हा खर्चही धरा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, हेही बघा. थकलेली ई-चलाने वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून दिसतात, आणि ती पाहण्याआधी बयाणा देऊ नये.

जुनी गाडी हाताने कशी तपासावी

अनोळखी माणसाकडून घेत असाल तर सकाळी जा आणि मालकाला ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे सांगा. पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. गरम असेल तर थंड इंजिन सुरू करायला त्रास देते, आणि तो त्रास तुमच्यापासून लपवला आहे, असे समजायला हरकत नाही.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ चालते. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचे काम, कदाचित पूर्ण इंजिन खोलणे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हे तुलनेने स्वस्त दुखणे.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. कोणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचे चाक उचला आणि हँडल हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट गेलेला आहे. खर्च फार नाही, पण अशा हँडलची गाडी ५ किलोमीटरच्या वेगात सरळ चालत नाही, आणि गोल बाजारात तर तोच वेग. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेल दिसते का? मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटांनी मागे ओढा. दात निम्मे उघडे पडले किंवा दात वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेनस्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलावा लागेल, तेवढे पैसे भावातून कमी करा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत पण टायर सहा-सात वर्षांचा, असे उभ्या राहिलेल्या गाड्यांत फार दिसते. कडक झालेले रबर ओल्या फरशीवर धरत नाही.

हँडलच्या खाली चासीच्या मुंडीवर चासी नंबर असतो. आरसीवरचा आणि हा एक एक आकडा जुळवून पाहा. खरवडलेला वाटला तर भाव कितीही चांगला असो, परत फिरा. मीटरवरचे किलोमीटर मात्र फार मनावर घेऊ नका. ते बदलता येतात. फूटरेस्टचे रबर आणि ब्रेकपेडलची झीज खरी गोष्ट सांगते.

पैशाचा हिशेब

नव्या गाडीच्या किमतीत जीएसटी असतो. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एक्स-शोरूम किमतीवर नोंदणी, राज्याचा कर आणि विमा चढतो. नव्या दुचाकीला १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात तो कर सोडून ७५ ते १५० सीसीसाठी ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये होता. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा विमा. तुमची गाडी आणि तुमचे हाड त्यात येत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. बिलात ‘हँडलिंग’ असा शब्द दिसला तर तो कशासाठी, हे विचारा. नियमाप्रमाणे गाडीबरोबर आयएसआय हेल्मेट मिळायला हवे, तेही विचारा.

पेट्रोलचा फरक किती पडतो ते पाहू. दिवसाला २५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६५० किलोमीटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. ६० चे ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला सुमारे १,०८० रुपये पिते, ४५ ची १,४४० आणि ३५ ची १,८६०. पहिल्या दोघींतला फरक महिन्याला ३६० रुपये. लोक ६५ आणि ६० च्या ॲव्हरेजवर तासभर भांडतात. तो फरक महिन्याला ८५ रुपयांच्याही आत आहे.

खरे पैसे जातात हप्त्यात. समजा ६०,००० रुपये कर्ज, दोन वर्षे, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. फ्लॅट म्हणजे पूर्ण ६०,००० वर दोन्ही वर्षे व्याज: १४,४००. एकूण ७४,४००, महिन्याचा हप्ता ३,१००. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दलही फेडत असता. वर्षभरात जवळपास निम्मे मुद्दल परत गेलेले असते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालू राहते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून दर विचारताना ‘फ्लॅट की रिड्यूसिंग’ एवढे तीनच शब्द विचारा. बँकेचे १४ टक्के रिड्यूसिंग हे दुकानाच्या १२ टक्के फ्लॅटपेक्षा बरेच स्वस्त असते.

या सगळ्यातून हाताशी ५०,००० रुपये असलेल्या मुलाला मी काय सुचवेन? २०१९ नंतरची, एकहाती वापरलेली, १०० ते ११० सीसीची साधी गाडी, स्थानिक सीजी-०४ नोंदणीची. त्यातले निदान ७,००० ते ८,००० रुपये गाडीवर घालवू नका. नाव बदलणे, विमा, टायर किंवा चेन, आणि चांगले हेल्मेट यांसाठी ते बाजूला ठेवा. मॉडेल निवडताना तुमच्या गल्लीतला मिस्त्री कोणती गाडी डोळे मिटून उघडतो ते पाहा. हीरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली आली. तीस वर्षे एकाच घराण्याचे इंजिन रस्त्यावर असण्याचा फायदा असा की क्लचप्लेट, केबल, इंडिकेटर कुठल्याही गावच्या दुकानात मिळतात. आणि नवशिक्याची गाडी पडणार, हे धरूनच चालायचे असते. साध्या गाडीचा आरसा आणि लिव्हर काही शे रुपयांत येतात. प्लॅस्टिकचे मोठे आवरण असलेल्या गाडीचे एक पडणे हजारांत जाते.

बाजारात पहिल्यांदा

गाडी आली की पहिला आठवडा रिकाम्या मैदानावर फक्त क्लच सोडणे, दहा पावले जाणे आणि थांबणे. नवा रायपूरचे रस्ते रुंद आहेत म्हणून तिथे शिकायला नेतात, पण तिथे वेग लवकर वाढतो आणि हळू चालवण्याचा सराव राहून जातो. दोन विटांमधून वळणे, आठाचा आकडा काढणे, गाडी बंद करून ढकलत मागे वळवणे हे जास्त कामाचे. चाचणीलाही आठाचा आकडा लागतोच.

नंतर शिकवणाऱ्याला घेऊन गोल बाजारात जा, पण सकाळी, शटर उघडण्याआधी. रस्ता तोच, गर्दी नाही. कुठे उतार आहे, कुठे नालीचे झाकण वर आले आहे, वळण कुठे अंध आहे, हे पाठ होईल. संध्याकाळी खरेदीला जायचे तेव्हा पक्का परवाना हातात असला तरी पहिले काही महिने गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावा आणि आईबरोबर आत पायी जा. पिशव्या जड झाल्या तर गाडीपर्यंत दोन फेऱ्या होतील.